1860 हा नंबर नव्हे, साल आहे

आमच्या ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू-गोळी भरायच्या बंदुकीच्या लॉकवर (घोड्याच्या यंत्राच्या पट्टीवर) 'टॉवर' आणि 1860 असा ठसा आहे. ते साल आहे, बंदुकीचा नंबर नाही, एवढं एक वाक्य सरकारी कागदावर यावं म्हणून पेरणीपासून कापूस वेचणीपर्यंत मी हेलपाटे घातले. राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितोय.

आमचं गाव चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. आजोबा सांगायचे, "हाई बंदूक धरनगावनी शे." धरणगावला 1825 मध्ये जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्ल पलटण उभी केली, तिचा संदर्भ. पीक राखायला म्हणून आजोबांना परवाना होता, पुढे तो वडिलांच्या नावावर झाला. वडील गेल्यावर बंदूक ठाण्यात जमा केली आणि वारस म्हणून अर्ज टाकला.

जमा करण्याआधी फोटो आणि मापं घेऊन ठेवली होती, ती फार कामी आली. गावात सगळे तिला रायफल म्हणतात. घाट 1853 च्या एन्फिल्ड या ब्रिटिश लष्करी रायफलचाच, पण नळीत आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, नाहीत. मूळ एन्फिल्डची नळी .577 इंचाची. आमची व्हर्नियरने मोजली तर साडेसोळा मिलिमीटरच्या वर, म्हणजे .656 इंच. तिथेच उलगडा झाला. 1857 नंतर देशी शिपायांच्या हातात गोऱ्यांच्या तोडीची रायफल द्यायची नाही, असं सरकारने ठरवलं आणि त्यांच्यासाठी बिनआट्याच्या, रुंद नळीच्या एन्फिल्ड काढल्या. नेम धरायची मागची माशीसुद्धा साधी, ठोकळ्याची. लांबच्या पल्ल्याचे आकडेच नाहीत. म्हणजे बंदूक खरोखर देशी पलटणीसाठीच घडवलेली. आजोबांचं बोलणं निदान इथवर तरी खरं निघालं, याचा मला फार आनंद झाला.

आणि परवान्याच्या कार्यालयात गाडी अडली ती याच बंदुकीवर. परवान्यांची माहिती संगणकात भरताना कोणीतरी 'शस्त्र क्रमांक' या रकान्यात 1860 टाकून दिलं होतं. रकाना रिकामा सोडता येत नसेल, समजू शकतो. पण त्या काळच्या या लष्करी बंदुकांवर आजच्यासारखा कारखान्याचा अनुक्रमांक नसायचाच. फार तर पलटणीने दस्त्याच्या (मागच्या लाकडी भागाच्या) पितळी पट्टीवर स्वतःचा आकडा ठोकलेला असे. ठाण्यातून जो तपासणी अहवाल गेला त्यात प्रामाणिकपणे लिहिलं होतं, 'क्रमांक आढळला नाही.' झालं.

टेबलावरचे भाऊसाहेब म्हणाले, "सिस्टीममध्ये 1860 आहे, अहवालात नंबरच नाही. मग या दोन बंदुका झाल्या ना? पहिली कुठे आहे?"

माझ्या वडिलांनी आयुष्यभर वेळेवर नूतनीकरण केलं, प्रत्येक निवडणुकीला बंदूक जमा केली, आणि त्यांच्या पश्चात एक बंदूक गहाळ असल्याचा संशय! मी फोटो दाखवले, टॉवर म्हणजे लंडनचं सरकारी शस्त्रागार, हे सांगितलं. "तुम्ही सांगून चालत नाही, अहवाल आणा." ठाण्यात गेलो तर, "अहवाल दिलाय, आता बदलता येत नाही." पुन्हा कार्यालय, तर साहेब दौऱ्यावर. मग टेबल बदललं, नव्या बाईंनी फाइल पहिल्यापासून वाचली आणि तोच प्रश्न विचारला. अर्जावर अर्ज दिले. पोच मात्र प्रत्येक वेळी घेतली. तुम्हीही गोल शिक्क्याशिवाय हलू नका.

सुटका केली ती पोलीस मुख्यालयाच्या शस्त्रागारातल्या एका आर्मोररने, म्हणजे शस्त्रं तपासणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या जाणकाराने. त्यांनी बंदूक हातात घेतली, घोडा पाहिला, नळीत गज घातला आणि म्हणाले, "हिला नंबर कुठून असणार?" मग फेरतपासणी अहवालात स्वच्छ लिहिलं: अनुक्रमांक नाही, लॉकवर निर्मितीचं साल 1860, नळी बिनआट्याची, व्यास अमुक, दस्त्याच्या पट्टीवरचा आकडा तमुक, जुन्या परवाना पुस्तकातलं 'एकनळी ठासणीची' हे वर्णन जुळतं. जुन्या अहवालाला हात न लावता नवा जोडायचा, हा मार्ग मला आधी कोणीच सांगितला नव्हता. त्यानंतर संगणकातली दुरुस्ती झाली आणि वारसाचा परवानाही निघाला.

गजावरून आठवलं. जुनी ठासणीची बंदूक सापडली तर आधी ती भरलेली नाही ना, हे पाहा. गज तळापर्यंत सोडा, तोंडाशी खूण करा, मग ती खूण तोंडाशीच ठेवून तोच गज बाहेरून नळीला लावा. आत तो कानाच्या (ठिणगी आत जाते त्या छिद्राच्या) जागेपर्यंत पोहोचत नसेल तर काहीतरी अडकलंय. स्वतः उकरू नका, आर्मोररकडे द्या.

पॉलिश पेपर तर अजिबात लावू नका. ठसे पुसले की सगळं गेलं. हलकं तेल लावा, बॅटरीचा उजेड तिरपा पाडा आणि मग फोटो घ्या. आमच्या पट्टीवरचा आकडा तसाच वाचता आला. लॉकच्या आतल्या बाजूलाही बर्मिंगहॅमच्या कारागिरांच्या खुणा असतात, पण ते स्क्रू घरी खोलू नका.

आणि आजोबा-पणजोबांची फाटकी परवाना पुस्तकं रद्दीत देऊ नका. आमच्या पुस्तकातल्या त्या 'एकनळी ठासणीची' एवढ्या शब्दांवर फाइल पुढे सरकली.