आमची वाटचाल: व्हॉल्व्हच्या साइझिंगपासून जोखमीच्या अभ्यासापर्यंत

वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात सुरुवात केली तेव्हा आमचं काम एकच होतं, सेफ्टी व्हॉल्व्हचं, म्हणजे प्रेशर जास्त झालं की आपोआप उघडणाऱ्या व्हॉल्व्हचं साइझिंग. कंपनी डेटाशीट पाठवायची, आम्ही एपीआय ५२० या अमेरिकन मानकाप्रमाणे ऑरिफिस, म्हणजे व्हॉल्व्हच्या आतलं भोक किती मोठं हवं, ते काढून द्यायचो. प्रेशर नेमकं कशामुळे वाढणार, हे गिऱ्हाइकानं आधीच ठरवलेलं असे.

आम्ही प्लांटवर जाऊन विचारू लागलो ते तुर्भ्याच्या एका बॅच प्लांटपासून. तिथे हॅझॉपला, म्हणजे प्लांटमध्ये काय काय बिघडू शकतं हे एकेक करून तपासणाऱ्या बैठकीला बसलो होतो. रिअॅक्टरवरचा व्हॉल्व्ह बाहेरच्या आगीचा विचार करून घेतलेला, साइझही ऐसपैस. पुढच्या मुद्द्याकडे वळणार, एवढ्यात एक जुने ऑपरेटर काका म्हणाले, "साहेब, रात्री लाइट गेली की अॅजिटेटर थांबतो. वरच्या टाकीतून फीड मात्र येतच राहतं."

अॅजिटेटर म्हणजे आतला माल ढवळणारा पंखा, फीड म्हणजे आत सोडला जाणारा कच्चा माल. ग्रॅव्हिटीनं येणाऱ्या फीडला लाइट लागत नाही. न ढवळलेला माल आत साठत जातो आणि अॅजिटेटर पुन्हा चालू केला की सगळी रिअॅक्शन एकदम उसळते. वाफेबरोबर फेसाळलेलं द्रवही वर येतं. नुसत्या वाफेसाठी काढलेला व्हॉल्व्ह तिथे अपुरा पडतो. आम्ही फीड लाइनवर, चालवणारी दाबाची हवा गेली तरी बंदच होणारा व्हॉल्व्ह सुचवला आणि तो मोटरच्या करंटला जोडला. मोटर फिरतेय एवढं कळून भागत नाही, कपलिंग तुटलं तरी ती फिरतेच. करंट मात्र पडतो. रप्चर डिस्कचा (ठरावीक प्रेशरला फुटून वाट देणाऱ्या चकतीचा) व्यास आणि बाहेर पडलेला माल झेलणारी कॅच टँक, दोन्ही वाफ आणि द्रव अशा एकत्र प्रवाहासाठी नव्यानं काढली. फीड आपोआप बंद करणारी ही ट्रिप किती भरवशाची हवी, हे लोपानं, म्हणजे धोका आणि त्याआड असलेले संरक्षणाचे थर मोजण्याच्या पद्धतीनं ठरवलं.

पुढे आम्ही महाप्याला आलो, माणसं वाढली. नव्या इंजिनिअरला मी आधी अमेरिकेतल्या जॅक्सनव्हिलच्या अपघाताचा अहवाल वाचायला देतो. २००७ साली तिथे कूलिंग बंद पडून रिअॅक्टर फुटला, ४ जण गेले. प्रेशर बाहेर सोडणारी रिलीफ सिस्टिम त्या रनअवेला, म्हणजे हाताबाहेर गेलेल्या रिअॅक्शनला पुरेशी नव्हती. मे २०२४ मध्ये आपल्या डोंबिवली एमआयडीसीत रिअॅक्टरचा स्फोट झाला, तेव्हा ही चर्चा आम्हाला दूरची राहिली नाही.

"हिप्स लावतो, व्हॉल्व्ह काढून टाकू का?" असं बरेच मालक विचारतात. हिप्स म्हणजे प्रेशर वाढायच्या आत त्याचा स्रोतच आपोआप बंद करणारी यंत्रणा. एएसएमई या अमेरिकन संस्थेच्या प्रेशर व्हेसलच्या नियमांत (आधी यूजी-१४०, २०२१ पासून सेक्शन १३) काही अटींवर तशी वाट आहे, आणि वायू विषारी असेल तर ती गांभीर्यानं तपासावी. पण मी आधी विचारतो, चाचणी कोण घेणार, किती महिन्यांनी, आणि उत्पादन थांबवायची तयारी आहे का? ठाम उत्तर मिळालं नाही तर व्हॉल्व्ह राहू द्या, असंच सांगतो. त्यापायी काही कामं गेली, तरी सल्ला तोच आहे.

सध्या रबाळे-पावणे पट्ट्यातल्या जुन्या प्लांटचं काम जास्त आहे. क्षमता वाढली, सॉल्व्हंट बदलला, पण व्हॉल्व्ह आणि त्याच्या इनलेटचा पाइप जुनाच. तिथे इनलेटच्या पाइपमधला प्रेशर ड्रॉप व्हॉल्व्ह उघडण्याच्या प्रेशरच्या ३ टक्क्यांत बसतो का, इथपासून आमची तपासणी सुरू होते.