पडीक माळाचं काय कराल?

पर्यावरणाच्या प्रश्नमंजूषेत मुलं हल्ली चुकत नाहीत. ‘जागतिक पर्यावरण दिन’ एवढं म्हणून मी श्वास घेते, तोवर बझर वाजलेला असतो. पाच जून! स्टॉकहोमची परिषद? १९७२. वन्यजीव संरक्षण कायदा? तोही १९७२. पर्यावरण संरक्षण कायदा १९८६, ओझोन दिन १६ सप्टेंबर, राज्यप्राणी शेकरू, राज्यफूल ताम्हण. संयोजक महिनाभर आधी प्रश्नोत्तरांची पुस्तिका पाठवतात, शाळा हुशार मुलांची एक जोडी निवडते आणि ती जोडी मधल्या सुट्टीत, एसटीत, जेवताना पुस्तिका घोकते. यात वाईट काही नाही, पाढेही आपण असेच पाठ केले. फक्त पाढे पाठ असलेल्या पोराला बाजारात हिशेब जमतो. पाच जून पाठ असलेल्या पोराला काय जमतं, हे मला अजून कळलेलं नाही.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. तालुक्याच्या अशा स्पर्धांना प्रश्न विचारायला मला बोलावतात. आवाज मोठा आहे, आणि बझर आधी कुणाचा वाजला यावरून शिक्षक भांडायला लागले की मी घाबरत नाही, एवढीच माझी पात्रता. ज्या दिवसाबद्दल लिहितेय तो श्रावणातला शनिवार होता. आठ शाळांचे आठ संघ, दोन परीक्षक, एक गुणलेखक, एक वेळ बघणारे सर आणि मागे पालक, शिक्षक, सकाळची शाळा सुटल्यावर थांबवून घेतलेली मुलं.

पहिली फेरी नेहमीसारखी सुसाट गेली. दुसरी फेरी ‘बरोबर की चूक’ अशी होती. पुस्तिकेबाहेरचे दोन-तीन प्रश्न घालायची मुभा मी मागून घेतली होती, त्यातला एक मी जमेल तिथे विचारतेच. ‘ओझोनच्या थराला भोक पडल्यामुळे पृथ्वीचं तापमान वाढतंय.’ आठही संघांनी पाटीवर ‘बरोबर’ लिहिलं. मागच्या रांगेतल्या काही शिक्षकांनीही माना डोलावल्या.

आठही संघांना शून्य दिलं, तशी सभागृहात चुळबूळ झाली. म्हणून तिथेच फळ्यावर दोन चित्रं काढली. ही दोन दुखणी वेगळी आहेत. ओझोनचा थर विरळ झाला तो फ्रीज, वातानुकूलन यंत्रं आणि फवाऱ्याच्या डब्यांतून सुटलेल्या क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंमुळे. त्यांतला क्लोरीन उंचावर ओझोनचे रेणू मोडतो, मग सूर्याचे अतिनील किरण जास्त प्रमाणात खाली येतात. त्याचा धोका कातडीला, डोळ्यांना, पिकांना. पृथ्वी तापते ती मुख्यतः कोळसा आणि तेल जाळून हवेत साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे, शिवाय मिथेनमुळे. जमिनीकडून परत जाणारी उष्णता हे वायू अडवून धरतात. कारखानदारी सुरू होण्याआधी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते, आता ते ४२०च्या वर गेलेत. आणि गंमत अशी की क्लोरोफ्लुरोकार्बनही उष्णता अडवतातच, तेही रेणूमागे कार्बन डायऑक्साइडच्या कितीतरी पट. त्यामुळे १९८७च्या मॉन्ट्रियल करारानं त्यांना आळा घातला, तेव्हा ओझोनसोबत तापमानाच्या बाजूनंही फायदा झाला. मुलांच्या चुकीत खरेपणाचा एक धागा होता, पण तो धरून कुणी उत्तर लिहिलं नव्हतं. सगळ्यांनी ओझोन, तापमान आणि प्रदूषण एकाच पिशवीत कोंबलं होतं.

पाट्या पुसून होईपर्यंत मी सहज विचारलं, “ताम्हण कुणी पाहिलंय?” कुणीच नाही. “शेकरू?” एकानं, फोटोत. बरोबरच आहे, भीमाशंकरच्या झाडीतला शेकरू आमच्या बोरी-बाभळीत कशाला येईल? मग विचारलं, “टिटवी अंडी कुठे घालते?” आता मात्र अर्धं सभागृह ओरडलं. उघड्या रानात, खड्यांमध्ये, तीन-चार, खड्यांसारखीच ठिपक्याठिपक्यांची. उंचवट्यावर घातली तर यंदा पाऊस भरपूर, हेही मागून कुणीतरी जोडलं. या उत्तराला गुण नव्हते. फेरी पुढे सरकली.

चौथ्या फेरीचं नाव होतं ‘तुम्ही काय कराल?’ प्रत्येक संघाला एक प्रसंग द्यायचा, तीस सेकंदांत उपाय सांगायचा, दहा गुण. उत्तर चुकलं तर पुढचा संघ बझर दाबून पाच गुण घेऊ शकतो. नान्नजच्या बाजूनं आलेल्या एका शाळेच्या वाट्याला हा प्रसंग आला: ‘तुमच्या गावाजवळ २०० एकर पडीक माळरान आहे. ग्रामपंचायतीकडे पर्यावरणासाठी निधी आला आहे. तुम्ही काय कराल?’ माझ्या हातातल्या कागदावर उत्तर छापलेलं होतं, ‘वृक्षारोपण करू.’ स्थानिक झाडांचं, इतकं जरी पुढे लिहिलं असतं तरी मी संयोजकांचे आभार मानले असते.

जोडीतला मुलगा लगेच पुटपुटला, “झाडं लावू म्हण.” मुलीनं त्याला कोपरानं गप्प केलं आणि माईक ओढला.

“कायबी करणार न्हाई.”

सभागृह हसलं. वेळ बघणाऱ्या सरांनी घड्याळावरून नजर उचलली. मी विचारलं, “म्हणजे निधी परत पाठवणार?”

“न्हाई मॅडम. पैसं ऱ्हाऊ द्या. पर माळावर खड्डं काढायचं न्हाई.”

“का?”

तीस सेकंद केव्हाच संपले होते, पण कुणी थांबवलं नाही. तिनं सांगितलं ते असं. त्यांच्या गावच्या माळावर एका योजनेत खड्डे काढून रोपं लावली, भोवती तार ओढली, मेंढरं बंद झाली. उन्हाळ्यात रोपं वाळली. खड्ड्यातून निघालेल्या मुरमावर गवत परत आलंच नाही, नुसती तरवड माजली. खोकडांची बिळं होती, तीही दिसेनाशी झाली. “निम्मा माळ दोन वर्सं राखायचा, निम्म्यावर चारायचं. मग उलटं करायचं. माझा चुलता तसंच करतोय. आमच्याकडं पवना हाय अजून, खालच्या गावाला नुसती कुसळी ऱ्हायली.”

जिनं नुसतं ‘पर्यावरण’ वाचलंय ती पवना आणि कुसळी यांत फरक करणार नाही. पवना, मारवेल, शेडा ही जनावरं आवडीनं खातात ती गवतं. अतोनात चराई झाली की ती मागे पडतात आणि कुसळी पुढे येते, तिची कुसळं मेंढीच्या लोकरीत, कातडीत रुततात. म्हणजे पोरगी माळाची तब्येत गवताच्या जातीवरून सांगत होती. हे कुरणशास्त्राच्या पुस्तकात असतं, आमच्या पुस्तिकेत नव्हतं.

मी अजून ‘उत्तर बरोबर’ की ‘चूक’ काहीच म्हटलं नव्हतं, तेवढ्यात शेजारच्या संघानं बझर दाबला. “वृक्षारोपण!” टाळ्याही पडल्या.

मी दोन्ही परीक्षकांकडे पाहिलं. एक महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाई, दुसरे शेतीखात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात. मला वाटलं, बाई पुस्तकाच्या बाजूनं बोलतील आणि अण्णा मुलीच्या. झालं उलटं. बाई म्हणाल्या, मुलीला दहापैकी दहा. अण्णा म्हणाले, “पोरगी खरं बोलती. मी स्वतः असले खड्डे काढून घेतलेत. तिसऱ्या वर्षी मोजायला गेलं तर झाडं कमी आणि खड्डे जास्त. पण स्पर्धा पुस्तिकेवर आहे. दुसऱ्या पोरांनी पुस्तिका पाठ केली, त्यांचा काय गुन्हा?”

त्यांचं म्हणणं मला टाळता येईना. पण शास्त्राच्या बाजूनं पाहिलं तर छापलेलं उत्तर आमच्या भागासाठी सरळ चूक होतं. आमच्याकडे वर्षाला ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस, खाली मुरूम. इथलं गवत म्हणजे जंगल तोडून उरलेली मोकळी जागा नाही, ती स्वतःच एक नांदती वसाहत आहे. काळवीट, लांडगा, खोकड, धाविक, चंडोल यांना उघडं रानच लागतं. माळढोक तर जमिनीवरच, साधारण एकच अंडं घालतो आणि दूरवरची नजर हे त्याचं संरक्षण असतं. तिथे दाट लागवड केली की त्याचं घरच गेलं. याच पक्ष्यासाठी १९७९मध्ये नान्नज परिसरात अभयारण्य जाहीर झालं. आता तिथे माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते. देशात उरलेले बहुतेक माळढोक राजस्थानात, जैसलमेरच्या बाजूला आहेत. आणि तरी सरकारी नकाशांत, पडीक जमिनींच्या यादीत, गवताळ आणि खुरट्या झुडपांची रानं सर्रास मोजली जातात. जमीन एकदा त्या यादीत बसली की तिथे काहीतरी ‘करायलाच’ हवं, असं सगळ्यांना वाटतं: झाडं लावा, नाहीतर सौरऊर्जेची पॅनेलं मांडा.

झाडांविरुद्ध माझं काही नाही. ओढ्याकाठी, बांधावर, रस्त्याकडेला, गावठाणात लावा, लिंब लावा, करंज लावा. पण हवेतला कार्बन फक्त खोडातच साठतो असं नाही. गवत तो मुळांवाटे जमिनीत पुरतं. वणवा लागला तर वरचं गवत जातं, खालचा साठा बराचसा राहतो. आणि माळ राखणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणंही नव्हे. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली, गवत कापून आणायचं ठरवलं, हे तर शाळेच्या धड्यापर्यंत पोहोचलेलं उदाहरण आहे. मुलगी ‘कायबी करणार न्हाई’ म्हणाली आणि पाठोपाठ चराईचं वेळापत्रकच सांगून मोकळी झाली.

यातलं थोडंसं मी माईकवर सांगितलं. तेव्हा बझर दाबणाऱ्या संघाचे सर उठून उभे राहिले. तरुण होते, रागावले नव्हते, पण हटणारेही नव्हते. “मॅडम, तुमचं सगळं मान्य. पण माझी मुलं उसाच्या पट्ट्यातली आहेत, त्यांनी असला माळ बघितलेला नाही. तुम्ही दिलेली पुस्तिका त्यांनी प्रामाणिकपणे वाचली. आता तीच चूक म्हणता, तर पुढच्या वर्षी मी त्यांच्याकडून काय वाचून घेऊ?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिघांनी बाजूला जाऊन बोललो. शेवटी ठरलं ते परीक्षेला शोभणारं होतं, न्यायाला शोभणारं होतं की नाही ते सांगता येत नाही: प्रश्न रद्द, दोन्ही संघांना एकेक बदली प्रश्न. बाईंना हे पटलं नाही आणि त्यांनी तसं निकालपत्रावर सहीच्या वर लिहिलं.

बदली प्रश्न बंद पाकिटातून काढायचे होते. मुलीच्या संघाला आलं, ‘पाणथळ जागांबाबतचा करार ज्या रामसर शहरात झाला ते कोणत्या देशात आहे?’ ती आणि मुलगा एकमेकांकडे बघत राहिले. मग मुलानं अंदाज ठोकला, “भारत.” नाव ऐकून कुणालाही तसंच वाटेल. उत्तर होतं इराण. शेजारच्या संघाला मॉन्ट्रियल कराराचं वर्ष विचारलं गेलं, जे अर्ध्या तासापूर्वी मीच फळ्यावर लिहिलं होतं. ते पहिले आले, मुलीचा संघ तिसरा.

बक्षीस म्हणून तिघांनाही रोपाची कुंडी मिळाली. मुलीच्या कुंडीत गुलमोहर होता, मूळचा मादागास्करचा. अण्णा तो बघून इतके हसले की त्यांना ठसका लागला.

निघताना ती माझ्याकडे आली. बक्षिसाबद्दल काही नाही, तिला रामसरच विचारायचं होतं. १९७१ साली तिथे देशोदेशीच्या लोकांनी ठरवलं की दलदली, तळी, खाड्या यांना रिकामी जागा समजून बुजवायचं नाही, त्यांची यादी करायची, त्या जपायच्या, असं सांगितलं. महाराष्ट्रातलं नांदूर मध्यमेश्वर त्या यादीत आहे, लोणार आहे, ठाण्याची खाडी आहे. तिनं नीट ऐकून घेतलं.

“म्हंजे पाण्याला हाय. माळाला न्हाई?”

तसा करार नाही, पण संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष चराऊ कुरणांचं आणि पशुपालकांचं म्हणून जाहीर केलंय, असं मी म्हटलं. “म्हंजे चुलत्याचं वर्स,” ती म्हणाली आणि साडेपाचची एसटी चुकेल म्हणून पळाली.

संयोजकांनी रद्द केलेल्या प्रश्नाचा लेखी खुलासा मागवला. मी दीड पानांचा पाठवला, बाईंनी त्याला पवना-मारवेलची शास्त्रीय नावं जोडली आणि शेवटी दोघींनी सुधारित उत्तरही सुचवलं: ‘आधी माळ पाहू, कोणतं गवत आहे आणि कोण चारतं ते विचारू, मग ठरवू.’ यावर फोन आला की असं उत्तर तपासता येत नाही. मी म्हटलं, येतं, परीक्षकाला माळ माहीत असला तर. पुढच्या वर्षीची पुस्तिका आली तेव्हा मी सगळ्यात आधी ते पान उघडलं. प्रश्न दुरुस्त केलेला नव्हता, काढून टाकला होता. त्याच्या जागी होतं, ‘वसुंधरा दिन कधी साजरा करतात?’ २२ एप्रिल.