फ्रेंच पाव्हणं आणि कोल्हापूरचं ताट

माझी चुलत बहीण फ्रान्समध्ये लियॉनला असते, नवरा तिकडचाच, आणि यंदा दिवाळीनंतर ती, जावई आणि त्यांची छोटी असे तिघं आले तेव्हा मी आधीच सांगून ठेवलेलं की बाकी सगळं नंतर, पहिलं कोल्हापूर. निघायच्या आदल्या रात्री बहीण हळूच म्हणाली, दादा तिथं काटे-चमचे मिळतील ना रे, ह्याला हाताने जेवायची अजिबात सवय नाहीये. मी म्हटलं मिळतील की, पण तू आधीच मागू नकोस.

सकाळी पुणं सोडलं, सातारा, कराड, किणीचा टोलनाका, आणि बरोबर जेवायच्या वेळेला कोल्हापुरात. हॉटेलवर बॅगा टाकल्या आणि थेट खानावळीत गेलो. साधीच खानावळ, लांब टेबलं, अनोळखी माणसाशेजारी बसून जेवायचं. ताट आलं, सुकं मटण, तांबडा, पांढरा, दहीकांदा, गरम भाकरी. छोटीसाठी खानावळवाल्या मामांनी न सांगता अळणी आणलं, म्हणजे मटण शिजवलेलं बिनतिखटाचं पाणी, कोल्हापुरात लहान पोरांना हेच देतात आणि ह्याच अळणीत नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजू पडले की पांढरा रस्सा होतो.

आता जावयाने काय केलं तर ताटातली भाकरी उचलली आणि सरळ टेबलावर ठेवली, ताटाच्या बाजूला. आजूबाजूचे बघायला लागले. मला माहीत होतं म्हणून मी गप्प होतो, फ्रान्समध्ये घरोघरी पाव असाच टेबलक्लॉथवर ठेवतात, वेगळी प्लेट ही मोठ्या औपचारिक जेवणात, आणि पाव सुरीने न कापता हाताने तोडायचा हा तिकडचा रिवाज आहे. वाढणारा पोरगा आला, काही बोलला नाही, एक छोटी ताटली आणून भाकरी तिच्यावर ठेवली आणि पुढे गेला. इतकं सुंदर वागणं मी मोठमोठ्या हॉटेलात पाहिलेलं नाही, खरंच सांगतो.

दुसरी गंमत हातांची. फ्रेंच माणूस जेवताना दोन्ही मनगटं टेबलावर ठेवतो, हात मांडीवर लपवणं तिकडे बरं दिसत नाही. इंग्लंडमध्ये नेमकं उलटं, हात रिकामा असला की मांडीवर. आणि आपल्याकडे डावा हात अन्नाला लावायचाच नाही, तो पाण्याच्या पेल्याला आणि वाढून घ्यायला. त्यामुळे जावई दोन्ही हातांनी भाकरी तोडायला लागला तेव्हा समोर बसलेल्या आजोबांना राहवेना. भरघोस मिशा, डोक्याला फेटा, त्यांनी आपली भाकरी पुढे धरली आणि म्हणाले, "पाव्हणं, एका हातानं. ही तीन बोटं दाबून धरायची, अंगठ्यानं आन् पहिल्या बोटानं तोडायचं. घाई न्हाई." बहिणीने फ्रेंचमध्ये सांगितलं, पण त्याची गरजच नव्हती, हात बघूनच त्याला कळलं. पहिला तुकडा वेडावाकडा निघाला, नंतर जमायला लागलं. मग आजोबा म्हणाले आता चुरा की रश्शात, आणि पांढरा वाटीनं प्या, चमच्यानं मजा न्हाई.

चमचा टेबलावर होता हां, कोणी लपवलेला नव्हता. त्याने हात लावला नाही.

जेवताना तो एक बोलला ते मला फार आवडलं. म्हणाला आमच्याकडे ताटातला शेवटचा सॉस पावाने पुसून खाणं हे घरी सगळे आवडीने करतात, पण मोठ्या औपचारिक जेवणात ते बरं दिसत नाही, इथे तर अख्खं जेवणच तसं आहे आणि कोणी चोरून करत नाहीये! मग मी त्याला त्यांच्या पद्धती खोदून खोदून विचारल्या. काटा डाव्या हातात, सुरी उजव्या हातात आणि शेवटपर्यंत हात बदलायचा नाही, अमेरिकन लोक मात्र आधी कापून घेतात, सुरी खाली ठेवतात आणि काटा उजव्या हातात घेऊन खातात. जेवण झालं की काटा-सुरी शेजारी शेजारी समांतर ठेवायची, म्हणजे वेटरला कळतं की ताट उचलायचं. सॅलडचं पान सुरीने कापायचं नाही, काट्याने घडी घालायची. मी ऐकत होतो आणि मनात येत होतं की आपल्याकडेही एवढेच बारीक नियम आहेत, ताटात मीठ-लिंबू कुठे, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, तळहाताला अन्न लागू द्यायचं नाही, फक्त बोटांची पेरं, आणि पंगतीत शेजाऱ्याचं झाल्याशिवाय उठायचं नाही. पण ते आता मुलांना कोण सांगतं? काटा-सुरी धरायचे क्लास निघालेत, हाताने नीट कसं जेवायचं हे शिकवायला कोणाला वेळ नाही, आणि मग हाताने जेवणं म्हणजे गावठी असा समज होतो. ह्याचा मला मनापासून राग येतो.

आणि काटा तरी युरोपात कुठे अनादि काळापासून आहे. थॉमस कोरियट नावाचा इंग्रज प्रवासी १६०८ साली इटलीत गेला, तिथले लोक काट्याने खातात हे बघून त्याला एवढं नवल वाटलं की त्याने १६११ च्या आपल्या पुस्तकात ते लिहून काढलं आणि स्वतः काटा वापरायला लागला तर घरचे मित्र चेष्टा करायला लागले. हाच कोरियट पुढे पायी चालत हिंदुस्थानात आला आणि १६१७ मध्ये सुरतेला वारला. म्हणजे इंग्रजांना काटा विचित्र वाटत होता तेव्हा इकडे आपल्या पंगती बसत होत्या. आणि खुद्द फ्रान्समध्ये चौदाव्या लुईने १६६९ मध्ये जेवणाच्या टेबलावर टोकदार सुऱ्यांना बंदी घातली, म्हणून आज टेबलावरची सुरी टोकाला गोल असते. हे जावयाला माहीत नव्हतं, तो खूश झाला.

संध्याकाळी रंकाळ्यावर फिरलो, भेळ खाल्ली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या दिवशी कसबा बावड्याला लक्ष्मी विलास पॅलेसला गेलो, शाहू महाराजांचा जन्म तिथला, २६ जून १८७४. तिथे उभं राहून मी त्याला जे सांगितलं ते मला ह्या सगळ्या विषयात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपल्या पंगतीचे नियम मी एवढ्या प्रेमाने सांगत होतो पण त्याच पंगतीत कोणी कोणाशेजारी बसायचं नाही ह्याचेही नियम होते आणि ते फार क्रूर होते, ते झाकून ठेवून आपल्या जेवणाचं कौतुक करणं मला जमत नाही. महाराजांनी गंगाराम कांबळे यांना चहाचं हॉटेल काढायला मदत केली, सत्यसुधारक नावाचं, आणि दलित माणसाच्या हॉटेलात गिऱ्हाईक येईना म्हणून स्वतः छत्रपती तिथे थांबून चहा घ्यायचे, बरोबरच्या लोकांनाही प्यायला लावायचे. १९०२ साली हाच राजा सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाला लंडनला गेलेला. १९२० च्या माणगाव परिषदेत त्यांनी बाबासाहेबांना आपल्याबरोबर जेवायला यायचं आमंत्रण भर सभेत दिलं. जावई बराच वेळ काही बोलला नाही, मग बहिणीला म्हणाला कालच्या त्या लांब टेबलाचं आत्ता कळलं.

पन्हाळ्यावर पिठलं-भाकरी, ठेचा आणि मडक्यातलं दही. तिथे त्याला कोणी शिकवावं लागलं नाही, ठेच्याने डोळ्यांत पाणी आलं तेवढंच.

परतीच्या वाटेवर बहिणीने छोटीचा विषय काढला. तिकडे शाळेच्या कॅन्टीनमध्ये पोरं लहानपणापासून काटा-सुरीने जेवतात, आणि ही वरणभात हाताने कालवते म्हणून कोणीतरी तिला टोकलं होतं, तेव्हापासून ती घरीही चमचा मागते. मी म्हटलं दोन्ही शिकव, शाळेत त्यांच्यासारखं, घरी आपल्यासारखं, पोरांना दोन भाषा येतात तसं हेही येतं. जावई गाडी चालवत होता, तो मध्येच म्हणाला की रविवारी आम्ही तिघंही हाताने जेवायचं, मी पण, म्हणजे तिला एकटीला वेगळं वाटणार नाही. बहिणीने लगेच विचारलं, आणि भाकरी कोण थापणार? तो म्हणाला पीठ इथूनच घेऊन जाऊ, मी शिकतो. कराडला थांबून पाच किलो ज्वारीचं पीठ घेतलं.