टाकी गल्लीच्या तोंडाशी

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. त्याच वर्षी आमच्या गल्लीतल्या सहा घरांनी संडास बांधायचं ठरवलं. स्वच्छ भारतातून घरामागं १२,००० रुपये मिळणार होते, केंद्राचे ४,००० आणि राज्याचे ८,०००. पैशांचं जमवलं असतं. घोडं अडलं ते खाली काय बांधायचं यावर.

मला दोन शोषखड्ड्यांचा संडास हवा होता. एक भरला की दुसरा सुरू करायचा. बंद ठेवलेल्याचं दोनेक वर्षांत खत होतं. मिस्त्रीमामा म्हणाले, "ताई, आधी पाणी जिरतंय का बघू." चुलीच्या मागं हातभर खड्डा घेतला, दोन बादल्या पाणी ओतलं. त्या दिवसांत तेवढं पाणी ओतताना जिवावर आलं होतं. सकाळी बघते तर पाणी तसंच, वर काटकी तरंगतेय. वर काळी माती, खाली काळा पाषाण, जिरणार कुठं? शिवाय हापसा जवळच. शोषखड्डे सोडून दिले.

मग घरोघरी सेप्टिक टँक? शेजारच्या बोळात तसंच केलं होतं. मैला उपसायची गाडी आत शिरेना, म्हणून टाकी भरल्यावर रात्री एका माणसाला बादली देऊन आत उतरवलं. त्याचा खोकला आमच्या घरात ऐकू येत होता. असं माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. आपल्या दारात हे होऊ द्यायचं नाही, एवढं मी त्या रात्री मनाशी पक्कं केलं.

म्हणून सहा घरांची एकच टाकी, गाडी जिथं उभी राहते तिथं, गल्लीच्या तोंडाशी. तिथल्या आजी भडकल्या, "सगळ्यांची घाण माझ्याच दारात व्हय?" त्यांचं काय चुकलं? तीन आठवडे बोलणी चालली. शेवटी टाकीवर त्यांना बसायला ओटा बांधून दिला आणि वासाचा पाइप पत्र्याच्या वर नेला.

संडासाची भांडी जास्त उताराची घेतली, दीड-दोन लिटर पाण्यात भागतं. पण कमी पाण्यानं लांबच्या पाइपात मैला अडकतो, म्हणून प्रत्येक वळणावर चेंबर ठेवलं. टाकीतून निघणारं पाणी खडीत लावलेल्या करदळीतून नालीला जातं. वास कमी झाला, तरी ते पाणी स्वच्छ झालं असं मी म्हणणार नाही; ते काम अजून बाकी आहे.

उपशासाठी घरामागं महिना ५० रुपये काढतो. तीन वर्षांनी पहिल्यांदा गाडी आली. आजींनी ओट्यावरची गोधडी उचलली, झाकण निघालं, पाइप आत गेला. माणूस वरच उभा होता.