२८ दिवसांचा खोका, ३० दिवसांचा महिना

रजोनिवृत्तीनंतरची हार्मोन थेरपी परवडेल अशी कशी घ्यायची, यातला डॉक्टर, तपासण्या, औषधाची निवड हा भाग फारसा अवघड नाही. माझं घोडं अडलं ते विम्याच्या क्लेममधल्या एका रकान्यात : 'किती दिवसांचा पुरवठा'. अजून आठवलं की डोकं तडकतं.

एस्ट्राडायोलचा (म्हणजे इस्ट्रोजेन या हार्मोनचा) त्वचेवर चिकटवायचा, आठवड्यातून दोनदा बदलायचा पॅच साडेतीन दिवस चालतो. खोक्यात ८ पॅच, म्हणजे २८ दिवस. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मात्र सवयीने 'एक महिना' लिहिलं जातं, औषधाच्या दुकानात ३० दिवस टाइप होतात आणि विमा कंपनीचा संगणक तेच खरं धरतो. पॅच संपल्यावर पुढचा खोका मागा, उत्तर येतं : 'मागणी मुदतीआधी, नाकारली'. वरवर दोन दिवसांचा प्रश्न. पण वर्षाला १३ खोके लागतात आणि महिन्याला एक या हिशेबाने मिळतात १२. बारा अठ्ठावीस ३३६. उरलेले २९ दिवस एकतर स्वतःच्या पैशाने काढा, नाहीतर घामाने निथळत जागून काढा. वर फोनवरची व्यक्ती विचारते, 'मॅडम, तुम्ही सांगितल्यापेक्षा जास्त वापरताय का?'

उपाय इतका साधा आहे की संताप येतो. चिठ्ठी अशी हवी : एस्ट्राडायोल पॅच, २४ तासांत ५० मायक्रोग्रॅम (किंवा तुमची जी मात्रा असेल ती), आठवड्यातून दोनदा बदलायचा, ८ नग, २८ दिवसांसाठी. तीन महिन्यांचं एकदम घेणार असाल तर २४ नग, ८४ दिवस. ९० नव्हे. चिठ्ठीवर नगांचा आकडा बरोबर असेल आणि दिवसच चुकले असतील, तर फार्मासिस्ट बहुधा तो क्लेम मागे घेऊन दुरुस्त करून पुन्हा पाठवू शकतो. कंपनीला फोन केलात तर अपिलाचा फॉर्म हातात पडतो आणि मग बसा वाट बघत. म्हणून आधी दुकानाचा काउंटर, फोन नंतर.

'आठवड्यातून दोनदा' हे शब्द गाळू नका. आठवडाभर चालणारे पॅचही मिळतात, त्यांच्या खोक्यात ४ असतात. दोन्हींवर ५० मायक्रोग्रॅमच लिहिलेलं असतं, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही. आणि ब्रँडऐवजी घटकाचं नाव लिहून घ्या, म्हणजे त्याच प्रकारातला स्वस्त जेनेरिक पॅच देता येतो.

दुसरा नकार येतो तो 'आधी गोळी वापरून पाहा' असा. खरं सांगायचं तर गोळी न घेण्याचं कारण नसेल, तर डॉक्टरांना विचारून गोळीच घ्यावी. बहुतेक ठिकाणी सगळ्यात स्वस्त तीच पडते. पण गोळीतलं इस्ट्रोजेन आधी यकृतातून जातं आणि रक्त गोठवणारे घटक वाढवतं. पूर्वी रक्ताची गाठ झाली असेल, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) जास्त असतील, अर्धशिशीचा त्रास असेल, तर ते कारण डॉक्टरांच्या पत्रात पहिल्याच वाक्यात, तारीख आणि रिपोर्टसकट यायला हवं. 'रुग्णाला पॅच सोयीचा वाटतो' या वाक्यावर कोणीही मंजुरी देत नाही.

त्याच पत्रात निदानाचा कोड तपासा. रजोनिवृत्तीच्या त्रासासाठी आयसीडी-१० मध्ये, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय कोडयादीत, एन ९५.१ आहे. बिलावर चुकून 'सर्वसाधारण तपासणी'चा झेड ००.० पडला, तर औषध आणि निदानाचा मेळ बसत नाही आणि क्लेम परत येतो.

नकार तोंडी घेऊ नका, लेखी मागा. 'पॉलिसीत हे औषधच बसत नाही', 'पूर्वमंजुरी हवी' आणि 'माहिती चुकली' ही तीन वेगळी दुखणी आहेत. शेवटच्याला दुरुस्ती पुरते, मधल्याला डॉक्टरांचं पत्र लागतं. पहिल्यात पत्रव्यवहार करून सहसा हाती काही लागत नाही. तिथे जेनेरिकची रोखीची किंमत विचारा. विम्यात स्वतः भरायच्या हिश्शापेक्षा ती कधीकधी कमीच निघते, आणि हे आपणहून कोणी सांगत नाही.

गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन लागतंच. पैसे वाचवायला ते वगळू नका. एकट्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाचं अस्तर वाढतं आणि कर्करोगाचा धोका वाढतो. इथेही नगांचा हिशेब आलाच : रोज रात्री १०० मिलिग्रॅम घ्यायचं असेल तर २८ दिवसांना २८ कॅप्सूल, दर महिन्यात ठरावीक दिवसच घ्यायचं असेल तर २०० मिलिग्रॅमच्या साधारण १२ ते १४. कॅप्सूल तेलाने भरलेली असते, अर्धी करता येत नाही. काही ब्रँडमध्ये शेंगदाण्याचं तेल असतं. तुम्हाला त्याची ॲलर्जी असेल तर दुसरा ब्रँड मागायला ते भक्कम कारण आहे. एस्ट्राडायोलच्या गोळीवर मात्र मधोमध रेघ असेल तर २ मिलिग्रॅमची गोळी अर्धी करून १ ची मात्रा घेता येते का, फार्मासिस्टला जरूर विचारा. दुप्पट ताकदीची गोळी दुप्पट महाग असतेच असं नाही.

त्रास फक्त योनीच्या कोरडेपणाचा असेल तर अंगभर हार्मोन देण्याची गरजच नसते. कमी मात्रेचं स्थानिक इस्ट्रोजेन पुरतं आणि सोबत प्रोजेस्टेरॉनही बहुधा लागत नाही.

'खास तुमच्यासाठी बनवलेली नैसर्गिक हार्मोन्स' आणि त्यासाठी लाळेची तपासणी असा प्रस्ताव आला तर पाकीट खिशातच ठेवा. साध्या जेनेरिकमधलं एस्ट्राडायोल आणि मायक्रोनाइज्ड (अगदी बारीक कणांचं) प्रोजेस्टेरॉन शरीरातल्या हार्मोनसारखंच असतं, आणि त्या खास मिश्रणांना विमा सहसा हातही लावत नाही.

मंजुरी मिळाली की तिच्यावरची शेवटची तारीख आधी बघा. बहुतेक मंजुऱ्या ठरावीक मुदतीच्या असतात आणि संपताना कोणी कळवत नाही. नूतनीकरणाचं पत्र डॉक्टरांकडे महिनाभर आधी मागा, आणि त्यातही '२८ दिवस' लिहिलंय का ते तिथेच उभं राहून वाचा.