शरीराच्याच रेणूपासून औषधाकडे: जेम्स ब्लॅक

औषधशास्त्रात रसायनज्ञ मोठा की शरीरक्रिया जाणणारा, हा वाद आमच्या क्षेत्रात अधूनमधून रंगतो. अशा वेळी मला नेहमी जेम्स ब्लॅक आठवतात. १९२४ साली स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या ब्लॅक यांनी वैद्यकाची पदवी घेतली, पण रुग्णसेवेत न रमता ते शरीरक्रियाशास्त्राकडे वळले आणि ग्लासगोच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकवू लागले. १९५८ मध्ये ते आयसीआय या ब्रिटिश कंपनीत दाखल झाले, ते एक नेमका प्रश्न घेऊनच.

हृदयशूलावर, म्हणजे हृदयाला रक्त अपुरे पडून छातीत उठणाऱ्या कळांवर, त्या काळी रक्तवाहिन्या रुंद करून हृदयाला अधिक रक्त पोहोचवण्याचा विचार प्रबळ होता. रक्त वाढवता येत नसेल, तर हृदयाची प्राणवायूची गरजच का कमी करू नये, असे ब्लॅक यांचे म्हणणे होते. हृदयाला चेतवणाऱ्या ॲड्रेनलिन या संप्रेरकाचे कार्य अल्फा आणि बीटा अशा दोन प्रकारच्या रिसेप्टरांमार्फत (पेशींवरील, रासायनिक संदेश झेलणाऱ्या जागांमार्फत) चालते, हे रेमंड ॲलक्विस्ट यांनी १९४८ मध्ये मांडले होते, मात्र त्या कल्पनेकडे फारसे कोणी लक्ष दिले नव्हते. ब्लॅक यांनी तीच हाताशी धरली: हृदयातील बीटा रिसेप्टर अडवणारा रेणू, म्हणजे ब्लॉकर, त्यांना हवा होता.

त्यानंतरचा एक प्रसंग मला औषधांच्या नावांपेक्षा मोलाचा वाटतो. अमेरिकेत आधीच बनलेले डायक्लोरोआयसोप्रेनालिन हे संयुग रसायनज्ञ जॉन स्टीव्हन्सन यांनी आयसीआयच्या प्रयोगशाळेत पुन्हा तयार केले. गिनीपिगच्या संपूर्ण हृदयावर तपासले, तेव्हा ते ॲड्रेनलिनसारखेच हृदयाला चेतवताना दिसले, म्हणजे ब्लॉकर म्हणून निरुपयोगी. पुढे हृदयातील पॅपिलरी या छोट्या स्नायूची पट्टी वापरून नवी चाचणी बसवल्यावर तेच संयुग चेतना न देता नुसते अडवणारे ठरले. रेणू तोच होता, बदलली होती ती त्याला विचारणा करण्याची पद्धत. स्टीव्हन्सन यांनी मग दोन क्लोरीन अणूंच्या जागी आणखी एक बेंझिन वलय जोडले आणि प्रोनेथॅलॉल हाती आले. उंदरांमध्ये त्याने थायमस ग्रंथीच्या गाठी होऊ लागल्याने ते मागे पडले, पण रचनेत ऑक्सिजनचा एक दुवा घालून बनलेले प्रोप्रॅनोलॉल १९६४ मध्ये पुढे आले आणि टिकले.

त्याच वर्षी ब्लॅक यांनी आयसीआय सोडली. यशस्वी औषधाच्या प्रचारात अडकण्यापेक्षा त्यांना पुढचा प्रश्न महत्त्वाचा वाटत होता. स्मिथ क्लाइन अँड फ्रेंच कंपनीत त्यांनी हीच पद्धत हिस्टामिनला, म्हणजे ॲलर्जीत शिंका आणणाऱ्या शरीरातल्याच एका रेणूला, लावली. तेव्हाची अँटिहिस्टामिन औषधे शिंका थांबवत, पण हिस्टामिनमुळे जठरात पाझरणारे आम्ल मात्र थांबवू शकत नसत. याचा अर्थ जठरात दुसराच रिसेप्टर असला पाहिजे, असा तर्क होता. रॉबिन गॅनेलिन, ग्रॅहम ड्युरंट आणि जॉन एमेट हे रसायनज्ञ हिस्टामिनच्या रेणूत एकेक बदल करत राहिले, तरी काही वर्षे हाती काहीच लागेना. अखेर ग्वानिडिन हा अणुगट जोडलेल्या हिस्टामिनच्या एका रूपात हिस्टामिनला अंशतः विरोध होत असल्याची चाहूल लागली. कंपन्यांमध्ये वर्षाअखेरीस हिशेब मागण्याची आजची रीत पाहता, ती चाहूल लागेपर्यंत हा प्रकल्प तग धरून राहिला असता का, याची मला शंकाच आहे.

त्या चाहुलीवरून १९७२ मध्ये ब्युरिमामाइड जाहीर झाले, पण ते तोंडावाटे पुरेसे लागू पडत नसे. मेटियामाइडने ती उणीव भरून काढली, मात्र काही रुग्णांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घटू लागल्या. त्याचा दोष रेणूतील थायोयुरिया या गंधकयुक्त अणुगटाकडे गेल्याने त्याजागी सायनोग्वानिडिन हा दुसरा गट बसवला, आणि सिमेटिडिन तयार झाले. १९७६ मध्ये ते ब्रिटनच्या बाजारात आले आणि अल्सरसाठी होणाऱ्या शस्त्रक्रिया घटू लागल्या. ब्लॅक तोवर विद्यापीठात परतले होते. १९८८ मध्ये त्यांना गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्यासह नोबेल मिळाले.

सिमेटिडिनमध्ये हिस्टामिनचे इमिडाझोल वलय मात्र कायम होते. ते यकृतातील, औषधांचे विघटन करणाऱ्या सायटोक्रोम विकरांना चिकटते, त्यामुळे रक्ताच्या गुठळ्या रोखणाऱ्या वॉर्फरिनसारख्या औषधांचे विघटन मंदावते. ही अडचण पुढे रॅनिटिडिन या त्याच गटातल्या नंतरच्या औषधामध्ये बरीच कमी झाली, कारण तिथे इमिडाझोलच्या जागी फ्युरान वलय आले.