चिंक्वे तेर्रे: मानारोला ते कोर्निल्या ही वाट सपाट नाहीये

मिलानला शिकतोय, परीक्षा संपली आणि मी न् रूममेट शनिवार-रविवार चिंक्वे तेर्रेला (इटलीतली समुद्राकाठची पाच गावं) जाऊन आलो. जायच्या आधी एका सीनियरने सांगितलं होतं की पाचही गावं समुद्राच्या कडेने सपाट वाटेने जोडलेली आहेत, चपलेवर फिरता येतं. हे साफ चुकीचं आहे आणि म्हणूनच एवढं टाइप करतोय.

जवळच्या ला स्पेझिया शहरात स्वस्त पडतं म्हणून तिथे राहिलो, सकाळी लोकलने पाचांतलं रिओमाज्जोरे. तिथून मानारोलाला जाणारी प्रसिद्ध पायवाट व्हिया देल्लामोरे 2012 मध्ये दरड कोसळून बंद पडली होती ती 2024 ला उघडली, पण तिला वेगळे पैसे आणि आधी बुक केलेला टाइम स्लॉट लागतो. आमच्याकडे नव्हता, ट्रेनने गेलो. मानारोलात पोचलो तर कोर्निल्याची खालची समुद्राकडची वाट बंद. मग पर्याय एकच, वर वोलास्त्रा गाव गाठून द्राक्षमळ्यांतून उतरायचं.

आणि तो चढ! दगडी पायऱ्या, एकसारख्या नाहीत, कुठे गुडघाभर उंच, तीनशे मीटरच्या वर सरळ चढण, दुपारी बारा वाजता, सावली जवळपास नाहीच आणि दोघांत मिळून अर्ध्या लिटरची एक बाटली. मी राजगड, हरिश्चंद्रगड केलेत, दम कमी नाहीये, पण इथे तीन वेळा बसलो आणि रूममेटला चक्कर यायला लागली तेव्हा खरंच घाबरलो. वर गेल्यावर कळलं की मानारोलाहून वोलास्त्राला छोटी बस येते आणि ट्रेकिंग कार्डवर (वाटांवर चालायचा पास) ती चालते! कार्ड आमच्या खिशातच होतं. तर बसने वर जा, तिथून चाला, यात कमीपणा काही नाही. पुढचा भाग मात्र अप्रतिम, चुना-सिमेंट न वापरता नुसते दगड रचून बांधलेले बांध, द्राक्षं वाहायचा तो चिमुकला मोनोरेल आणि खाली निळाशार समुद्र. शेवटी झाडीतून कोर्निल्याची उतरण आहे, तिथे गुडघे बोलतात.

कोर्निल्या पाचांत एकटंच असं गाव जिथे बंदर नाही, ते कड्यावर आहे. स्टेशन पार खाली, मध्ये पावणेचारशेच्या आसपास पायऱ्या. उतरताना ठीक, चढून जायचं असेल तर तिथेही शटल बस आहे, तीच घ्या.

आता जेवण. संध्याकाळी एका गावात (हॉटेलचं नाव घेत नाही) मासा मागवला, मेनूवर 7 युरो. बिलात माशाचेच 42! किमतीपुढे बारीक अक्षरात 'एत्तो' लिहिलेलं, म्हणजे शंभर ग्रॅमचा भाव, आणि मासा निघाला सहाशे ग्रॅमचा. वजन आधी कोणी सांगितलं नाही, विचारायचं आम्हालाही माहीत नव्हतं. वर कोपेर्तो, म्हणजे नुसतं टेबलावर बसायचे माणशी वेगळे. आमचं आठवड्याचं किराणा एका जेवणात गेलं, अजून राग येतो. ऑर्डर देण्याआधी "पूर्ण माशाचे किती?" हे विचाराच. नाहीतर फोकाच्या (तिथला चपटा पाव) घ्या, नाहीतर कागदाच्या कोनात तळलेले छोटे मासे मिळतात ते घ्या, पोट भरतं आणि चवही तिथलीच.

रविवारी मोंतेरोस्सो ते वेर्नात्सा, दोन तास, मस्त. एकच वाट करायची असेल तर हीच करा, पण सकाळी आठच्या आत निघा, नंतर अरुंद जागी समोरून येणाऱ्यांसाठी थांबत बसावं लागतं.

चप्पल-सँडल नको, उघड्या चपलेत वाटेवर दिसलात तर दंड आहे, 50 युरोपासून पुढे. पाणी माणशी दीड लिटर तरी, गावातल्या नळांवर फुकट भरता येतं, वाटेत भरवसा धरू नका. आणि कार्ड घेताना ट्रेनसकटचं घ्या, कारण सुट्टं तिकीट एका स्टेशनासाठी काढा नाहीतर चार, पैसे तेवढेच घेतात. आम्ही पहिल्या दिवशी नुसतं ट्रेकिंगचं घेऊन वर तीन सुट्टी तिकिटं काढली, ते महागात गेलं. निघायच्या आदल्या रात्री नॅशनल पार्कच्या साइटवर कुठली वाट उघडी आहे ते बघा, पाऊस झाला की वाटा बंद करतात.